खरं लिहा, पण आमच्या माणसाबद्दल नको

आत्मचरित्र वाचून झालं की लोक पुस्तकाबद्दल बोलतच नाहीत, डायरेक्ट माणसावर येतात. कादंबरी आवडली नाही तर आपण म्हणतो मधे फार पाल्हाळ लावलंय, शेवट गंडलाय वगैरे. आत्मचरित्र आवडलं नाही की, बाई फारच शिष्ट दिसते हो! भाषा कशी आहे, काय गाळलंय, कुठल्या वर्षावरून गुपचूप उडी मारलीये, हे कुणाला बघायचंच नसतं.

आमचा कोथरूडला एक वाचनाचा ग्रूप आहे, बहुतेक मंडळी रिटायर्ड आणि मधेमधे आमच्यासारखे नोकरीवाले, आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही पुस्तकावर होत नाही एवढी भांडणं चरित्र-आत्मचरित्रांवर होतात. परवा 'आहे मनोहर तरी' निघालं. पुस्तक सुनीताबाई देशपांडेंचं, १९९० चं, म्हणजे नवरा पु. ल. (भाई) हयात असताना आलेलं, आणि पस्तीस वर्षं झाली तरी पुण्यात त्यावरून अजून दोन पार्ट्या पडतात. एक काका म्हणाले, सगळं खरं असेल हो, पण भाईंबद्दल सुनीताबाईंनी असं लिहायला नको होतं. त्यावर शेजारच्या काकू फाडकन म्हणाल्या, मग कुणी लिहायचं होतं, शेजाऱ्यांनी? काका गप्प झाले पण पटलं काही नाही, घरी जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज टाकलाच त्यांनी.

तर माझं म्हणणं एवढंच की वाचकाला खरं हवं असतं पण ते दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या माणसाचं. आपल्या देव्हाऱ्याला हात लावला की लगेच 'ही काय चव्हाट्यावर आणायची गोष्ट आहे का' सुरू होतं. आणि हे फक्त पेठांतलं खूळ नाहीये. 'बलुतं' १९७८ ला आलं तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला हे सगळे सांगतात, पण लेखकाच्या स्वतःच्या दलित समाजातूनही नाराजी आली होती की आपली लक्तरं कशाला दाखवायची. दया पवारांनी ते दगडू मारुती पवारच्या तोंडून सांगितलंय, म्हणजे लिहिणारा आणि भोगणारा यांना समोरासमोर बसवलंय, आणि हा केवढा मोठा निर्णय आहे! पण चर्चा बघाल तर 'किती भोगलं हो' यावरच संपते. अरे भोगलं ते भोगलंच, लिहिलंय कसं ते पण बघा ना जरा.

लायब्ररीच्या जुन्या आत्मचरित्रांमधे समासात लोक काय काय लिहून ठेवतात तो एक वेगळाच आयटम आहे. कादंबऱ्यांमधे फार तर अधोरेखित केलेलं असतं, इथे मात्र प्रत्येक जण न्यायाधीश. मला मिळालेल्या एका प्रतीत (पुस्तकाचं नाव सांगत नाही) पेन्सिलने बारीक अक्षरात होतं, "हे साफ खोटे आहे. मी तेथे होतो." आणि त्याच्याच खाली निळ्या बॉलपेनने वेगळ्या अक्षरात, "मग आपणही लिहावे." पुणं म्हणजे पुणंच. पुस्तकापेक्षा मला तेच जास्त लक्षात राहिलंय.

बरं, आपणही लिहावे हे इथे लोक फारच मनावर घेतात. पंचाहत्तरीला स्वखर्चाने आत्मचरित्र छापायचं आणि जेवणावळीनंतर पेढ्याच्या बॉक्ससोबत प्रत्येकाच्या हातात ठेवायचं, अशी पुस्तकं प्रत्येक घरात पडून असतात. सगळे हसतात त्यांना, मी पण हसायचे. पण त्यात पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचं प्रकरण हमखास असतं, १२ जुलै १९६१, आणि ते मी पहिलं उघडून वाचते. नातेवाइकांकडून मिळालेल्या अशाच एका पुस्तकात एका कारकुनाने पूर ओसरल्यावरचे दिवस लिहिलेत. गाळात रुतलेला पाटा, ओल्या गाद्या उन्हात घातल्या तरी न जाणारा वास, भिजलेलं धान्य पसरून त्यातलं काय खाण्यासारखं आहे ते निवडत बसलेली आई. पुढची बदल्या आणि प्रमोशनची शंभर पानं अगदीच रटाळ आहेत, आणि साहेबांचे आभार तर विचारूच नका. पण ती पाचसहा पानं कुठल्याही मोठ्या लेखकाला जमली असती का, शंकाच आहे.

भांडणाचा दुसरा हमखास विषय म्हणजे रमाबाई रानडे. १८७३ मधे लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि नवरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तिशी ओलांडलेले, आणि सुधारक असूनही विधवेशी न करता वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवलेली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चं, रानडे जाऊन नऊ वर्षं झाल्यावरचं, आणि त्यात नवऱ्याबद्दल भक्तीच भक्ती. ग्रूपमधली सगळ्यात लहान मुलगी वैतागून म्हणाली, हिला राग कसा येत नाही? माझ्या मते राग आहे, पण तो नवऱ्याच्या वाट्याला येत नाही. शिकते म्हणून घरातल्या बायकांनी जो छळ मांडला होता तो वाचा, तिथे एक एक टोमणा बाईंनी जपून ठेवलाय. इतकं बारीक लक्षात ठेवणाऱ्या बाईला नवऱ्याचं तेवढं काहीच खुपलं नसेल? खुपलं असणार, लिहिलं नाही, आणि ते न लिहिणं वाचता यायला पाहिजे. अर्थात हे माझं मत, काकू म्हणतात तू फार पुढचं वाचतेस.

उलट लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' मधे नवऱ्याचा तापटपणा, पैसा हातात न टिकणं, नवरा ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट, सगळं आहे, तरी कुणी म्हणत नाही की रेव्हरंड टिळकांची बदनामी केली. कारण बाई स्वतःलाही तितकंच हसतात. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना हसणारा लेखक मला दोन प्रकरणांत नकोसा होतो, मग तो कितीही थोर असो.

आता आमच्याकडे कर्वे घेतलेत. अण्णांचं, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं, 'आत्मवृत्त' १९१५ चं आणि त्यांच्या बायकोचं, आनंदीबाईंचं म्हणजे बायाचं, 'माझे पुराण' १९४४ चं, एकच घर आणि दोन पुस्तकं. काकांचं म्हणणं आधी महर्षींचं वाचू, मान त्यांचा. मी अडून बसले की आधी बायाचं. अण्णांचं आधी वाचलं की हिंगण्याच्या चिखलातून रोज पायी जाणारा माणूस डोक्यात पक्का बसतो, आणि मग त्यांच्या हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमापायी घरात पैशाची ओढाताण कशी चालायची हे बाया सांगायला लागली की ती कुरकुर वाटते. बायाचं आधी वाचलं तर अण्णांच्या पुस्तकात घरखर्चाचा विषय कुठे येतो आणि कुठे येत नाही तिकडे आपोआप लक्ष जातं, आणि अण्णा त्याने काही लहान होत नाहीत. शेवटी मतदान झालं, माझ्या बाजूने काकू आणि ती वैतागलेली मुलगी, बाकी सगळे काकांकडे. त्यामुळे ग्रूप अण्णांपासून सुरू करतोय आणि आम्ही तिघी बायापासून, बघू महिनाअखेर कोण कुणाशी बोलतंय.