हर्णैचं बंदर ग्वाशमध्ये

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू असताना समोर दिसेल ते सगळं ग्वाशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगांत, कागदावर घ्यायला गेलं की चित्र हातचं जातं. होड्यांची दाटी, निशाणं, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, टोपल्या, मागे सुवर्णदुर्गाचा तट. पण त्या वेळी सूर्य समुद्राकडे कललेला असतो, आणि हीच मोठी सोय आहे. डोळे किलकिले करून पाहा: दहा होड्यांचा मिळून एकच गडद पट्टा होतो. रंगवायचा तो पट्टा. होड्या सुट्या ओळखू येतात त्या फक्त त्याच्या वरच्या कडेवरून, म्हणून सगळी मेहनत त्या कडेवर घ्या.

आधी काडेपेटीएवढी तीन-चार पेन्सिल टिपणं, तीनच टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणाच्या तीनच पायऱ्यांत. आकाश आणि पाणी उजळ, किल्ला आणि ओली पुळण मधली, होड्या-माणसं गडद. मंद रंगांत टोनची चूक लपत नाही, कारण आकार वेगळे काढायला भडक रंग मदतीला नसतो.

कागद जाड, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), ११ बाय १५ इंच. १ इंची आणि अर्धा इंची चपटे ब्रश पुरतात. रंग चार: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट. पहिले दोन साधारण सारखे घेऊन त्यात पांढरा घातला की छान करडा मिळतो. तो भरपूर करून ठेवा आणि प्रत्येक मिश्रणात थोडा घाला. आकाश, वाळू, लाकूड एका घरचे दिसू लागतात.

ग्वाश वाळला की गडद छटा फिकटतात आणि उजळ छटा जरा गडद होतात, म्हणून आधी तुकड्यावर लावून वाळवून पाहा. होड्या खडूसारख्या पांढुरक्या दिसल्या, तर गडद रंगात पांढरा गेलाय. खालचा थर उठून चिखल झाला, तर वरचा रंग पातळ होता किंवा ब्रश फार घोळवला. वरचा थर सायीसारखा दाट हवा, एका फटकाऱ्यात टेकवलेला.

ओल्या वाळूतलं गडद होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा किंचित उजळ ठेवा, कडा मऊ. डोलकाठ्या चपट्या ब्रशच्या धारेने, पाच-सहाच, उंची कमी-जास्त.

आणि अगदी शेवटी एकच निशाण, नखाएवढं, करडा न मिसळलेल्या केशरी रंगात. त्यासाठी मात्र पाचवी ट्यूब उघडायला हरकत नाही.