कीथली ते हॉवर्थ: पिंपात मुरलेल्या बीअरसाठी एक शनिवार

इंग्लंडची बीअर कोमट असते, असं निघण्यापूर्वी मला चार जणांनी तरी सांगितलं होतं. ती कोमट नसते. कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी तिथली बीअर, 11 ते 13 अंश सेल्सिअसवर देतात. हा फ्रीजचा गारवा नव्हे, तळघराचा. उन्हाळ्यात माठाचंच पाणी हवं असणाऱ्याला हा फरक वेगळा सांगावा लागणार नाही.

मामेभाऊ उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात नोकरीला आहे. सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघं तिथून ट्रेनने कीथलीला गेलो, जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. स्पेलिंग बघून गावाचं नाव भलतंच उच्चाराल. तिथे सगळे ‘कीथली’च म्हणतात. टिमथी टेलर ही ब्रुअरी, म्हणजे बीअरचा कारखाना, याच गावची, 1858 पासूनची. बीअरला पाणी अजूनही त्यांच्या स्वतःच्या नोल स्प्रिंग या झऱ्याचं.

स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटांवर बोल्टमेकर्स आर्म्स हा त्यांचा पब आहे. इतका लहान, की दहा-पंधरा माणसं आली की भरल्यासारखा वाटतो. इथे त्यांची बोल्टमेकर ही बीअर घ्याच. पूर्वी तिचं नाव नुसतं बेस्ट बिटर होतं. या पबवरून ते बदललं आणि 2014 मध्ये तिने ‘चॅम्पियन बीअर ऑफ ब्रिटन’चा मान मिळवला. आधी भाजलेल्या बिस्किटासारखी चव, मग जिभेच्या मागच्या बाजूला हळूच येणारा कडवटपणा. त्यांची लँडलॉर्ड ही दुसरी बीअर जास्त प्रसिद्ध, तोच मान चार वेळा मिळवलेली. तिला संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. मला स्वतःला बोल्टमेकर जास्त आवडली.

या बीअरचं मर्म मात्र तळघरात कळलं. दुपारी गर्दी नव्हती, म्हणून गावातल्या दुसऱ्या एका पबच्या बाईंनी आम्हाला खाली नेलं. पिंपं आडवी मांडलेली, प्रत्येक नऊ गॅलनचं, म्हणजे 72 पिंट. या मापाला फर्किन म्हणतात. पिंपाच्या पाठीवर मऊ लाकडाची एक खुंटी ठोकलेली होती आणि तिच्याभोवती पिवळसर फेस वर येत होता, फुटत होता, पुन्हा येत होता. ब्रुअरीतून निघताना ही बीअर पूर्ण झालेलीच नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि लोणचं बरणीत मुरावं तशी ती तळघरात मुरते. जादा वायू त्या मऊ खुंटीतून निघून जातो. फेस थांबला की बाई तिथे कडक लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. मग गाळ तळाशी बसेपर्यंत पिंपाला धक्का लावायचा नाही. लँडलॉर्डला इतरांपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, कारण आत हवा जाते. म्हणूनच ब्रुअरीचं नाव कितीही मोठं असो, अर्धं श्रेय तळघर सांभाळणाऱ्याचं.

उलट अनुभव आदल्याच संध्याकाळी लीड्समधल्या एका पबमध्ये आला होता. ग्लास नाकाशी नेताच व्हिनेगरचा वास. संकोच न करता परत द्या. शांतपणे सांगितलं तर बहुतेक ठिकाणी बदलून देतात, आम्हालाही दिली. शक्यतो जिथे खप जास्त आहे तिथे प्या. बारवर दहा हॅन्डपंप (तळघरातली बीअर हाताने वर खेचणारे पंप) आणि गिऱ्हाईक दोनच असतील, तर मी तिथे थांबणार नाही.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट जरूर विचारावी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तशी बीअर निवळावी म्हणून पिंपात आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून बनतं. ते न वापरणाऱ्या ब्रुअरीही आहेत, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

ऑर्डर बारवर जाऊनच द्यायची, पैसेही तिथेच. टेबलावर कोणी येत नाही. पिंट म्हणजे 568 मिली, म्हणून दिवसभर फिरायचं असेल तर अर्धा पिंटच मागा. निवड होत नसेल तर घोटभर चव मागता येते. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली दिसली, तर ती बीअर संपली आहे किंवा अजून तयार नाही.

कीथली स्टेशनातूनच हॉवर्थ गावाकडे जाणारी वर्थ व्हॅली रेल्वेची वाफेची गाडी सुटते. ही जुनी लाइन बंद पडली होती. हौशी लोकांनी ती 1968 मध्ये पुन्हा सुरू केली. तिकीट वेगळं काढावं लागतं आणि गाडी रोज नसते, तेव्हा वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. हॉवर्थला उतरलं की दगडी फरसबंदीचा खडा चढ आहे, चांगले बूट हवेत. वर फ्लीस इन या पबमध्ये पुन्हा टेलरचीच बीअर मिळते. चढून आल्यावर तिथे खिडकीशी बसून घेतलेला लँडलॉर्डचा अर्धा पिंट हा माझ्यासाठी त्या दिवसाचा सगळ्यात चांगला घोट होता. शेवटची गाडी लवकर जाते. आम्ही बसने खाली आलो.

एक दिवस जास्त असेल तर टॅडकास्टरला जा. तिथली सॅम्युएल स्मिथ ही ब्रुअरी 1758 ची, आणि त्यांची कास्क बीअर अजून ओकच्या लाकडी पिंपांतून येते. गावाला रेल्वे नाही, लीड्सहून बस आहे. त्यांच्या पबमध्ये मोबाइल वापरायला मनाई आहे, म्हणून परतीच्या बसची वेळ आधीच कागदावर लिहून ठेवा.