बाबांचा डावा हात आणि साउंड कार्डाचे १४ कपॅसिटर

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनांचं वेड काय आहे ते वेगळं सांगायला नको. बाबा पंचवीस-तीस वर्षं भजनात पखवाज वाजवायचे. त्या काळात रात्र रात्र चाललेल्या बाऱ्या कुणी ना कुणी टेपवर भरून ठेवल्यात, अशा ६१ कॅसेट घरी लोखंडी पेटीत पडून होत्या. यंदा चतुर्थीच्या आत त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या असं मी ठरवलं आणि जुना कॉम्प्युटर खाली काढला, कारण त्यात २००७ साली घेतलेलं चांगलं पीसीआय साउंड कार्ड (आतल्या स्लॉटमध्ये बसणारं) आहे आणि त्याला व्यवस्थित लाइन-इन, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा, आहे.

पहिली कॅसेट उतरवली, बाबांना हेडफोन लावून दिला. पाच मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून मला विचारलं, "ह्याच्यात माझो डावो हात खंय आसा रे?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिचा तो खालचा घुमार, तोच नव्हता. उजव्या बाजूची शाई टणटण ऐकू येत होती, झांजा येत होत्या, पेटी येत होती, आणि वर खरखर. मला वाटलं कॅसेट गेली. पण तीच वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर घालून मोबाइलवर त्याच हेडफोननं ऐकली तर घुमार होता की! खरखर मात्र तिथेही होती. म्हणजे घुमार रेकॉर्ड होताना जात नव्हता, कार्डातून बाहेर पडताना जात होता, आणि खरखर मात्र आत जातानाच मिसळत होती. दोन वेगळी दुखणी, हे इथेच कळलं म्हणून पुढचं काम नीट झालं.

कार्ड उघडून बघितलं तर एकही कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा गोल डबा) फुगलेला नाही, कुठे काही गळलेलं नाही. मी ते आमच्या टीव्ही रिपेअर करणाऱ्या मित्राकडे नेलं, त्याच्याकडे ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मोजणारं मीटर आहे. तो म्हणाला, "फुगाक नाय म्हणान बरो आसा असा समजा नको." आणि खरंच होतं ते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओला कागद असतो, तो वर्षानुवर्षं रबरी बुचातून हळूहळू सुकत जातो, वरून डबा नवा कोरा दिसतो आणि आत काही उरलेलं नसतं. गरमीत हे जास्त लवकर होतं, साधारण दर १० अंशांना आयुष्य निम्मं धरतात, आणि माझं कार्ड इतकी वर्षं ग्राफिक्स कार्डाला चिकटून भाजत होतं. शिवाय आमचं घर किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर, खाऱ्या हवेनं स्लॉटच्या पिनांवर हिरवट चढतं ते वेगळंच.

हेडफोनच्या वाटेवर २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर होते, डाव्या-उजव्या चॅनेलला एकेक. काढून मोजले तर एक ३१ आणि दुसरा ५८ भरला. आता हिशोब बघा. हा कपॅसिटर आणि हेडफोनचा ३२ ओहम मिळून खालचे सूर अडवणारी चाळण होते, ती कुठे अडवते ते १ भागिले (२ × पाय × ओहम × फॅरड) या साध्या सूत्रानं निघतं. २२० ला साधारण २३ हर्ट्झ, म्हणजे काही हरकत नाही. पण ३१ ला तेच १६० हर्ट्झवर जातं! पखवाजाचा घुमार बहुतेक त्याच्या खाली. बाबांनी कानानं पाच मिनिटांत ओळखलं ते मला मीटर लावून कळलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण मी यात दोन दिवस फसलो होतो. कपॅसिटर काढायच्या आधी मी राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनालायझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरून कार्डाचं आउटपुट त्याच्याच लाइन-इनला जोडून टेस्ट घेतली होती, तर ग्राफ खालपर्यंत एकदम सरळ! कारण लाइन-इनचा भार १० किलोओहमच्या आसपास असतो, त्याला ३१ काय आणि २२० काय, दोन्ही पुरतात. मग स्प्लिटर लावून लूपबरोबर हेडफोनही जोडून ठेवला, तेव्हा ग्राफ डावीकडे धपकन खाली आला. त्यामुळे टेस्ट घ्यायची तर प्रत्यक्ष वापरतो तोच भार लावून घ्या. खरखरीचा आकडा मात्र पहिल्याच टेस्टमध्ये दिसत होता, उणे ७१ डेसिबल (उणे जितकं जास्त तितकी खरखर कमी), १६ बिटच्या कार्डाला हे फारच वाईट.

खरखरीचं मूळ सप्लायमध्ये निघालं. कार्डावर ७८०५ रेग्युलेटर आहे, तो स्लॉटमधल्या १२ व्होल्टचे स्वच्छ ५ व्होल्ट करून ऑडिओ चिपला देतो, त्याच्या पुढेमागे १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. त्यांचा ईएसआर इतका वाढलेला की असून नसल्यासारखे, हार्ड डिस्क फिरली की तिचं गुरगुरणं थेट भजनात.

एकूण १४ बदलायचे ठरवले. पहिला लॉट एका दुकानातून घेतला, वर जपानी नाव, मीटरवर १०० चे ६४ भरले, ते तसेच बाजूला ठेवले. मग भाचा मुंबईहून तुतारी एक्स्प्रेसनं येणार होता त्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगितलं, सप्लायला पॅनासोनिकचे एफएम, आवाजाच्या वाटेवर निचिकॉनचे म्यूज. व्होल्टेज १६ च्या जागी २५ चाललं, कमी चालत नाही. जाडी आणि पायांमधलं अंतर मात्र मोजून सांगा, ५ मिलिमीटर जाडीला २ मिलिमीटर, ६.३ ला २.५, नाहीतर पाय वाकवत बसावं लागतं. उंचीही बघा, शेजारच्या स्लॉटला टेकता कामा नये.

आता सोल्डरिंग. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. कपॅसिटरवर पट्टा असतो तो मायनस, पण बोर्डावर पांढरा रंगवलेला अर्धा भाग कुठे मायनस असतो कुठे प्लस, बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर, म्हणून जुना काढायच्या आधीच लिहून ठेवायचं. उलटा लागला तर फुटू शकतो.

माझ्याकडे २५ वॅटची सोल्डर गन. साधे पाय निघाले, पण ग्राउंडचा पाय काही केल्या सुटेना, कारण तो बोर्डाच्या आतल्या अख्ख्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो, दिलेली सगळी उष्णता तो थर खाऊन टाकतो. त्यात २००६ मध्ये युरोपचा नियम आला तेव्हापासूनच्या बोर्डांना बहुतेक शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, आपलं साधं ६३-३७ वालं १८३ लाच. मी जोर लावून ओढलं आणि पॅड, म्हणजे पाय जोडायची तांब्याची टिकली, उखडून पायाबरोबर वर आलं. पोटात गोळाच आला. बोर्ड उजेडासमोर धरला, भिंग लावून ग्राउंडची जवळची जागा शोधली, नखानं खरवडल्यासारखं ब्लेडनं वरचं हिरवं कोटिंग अलगद काढलं, आणि केसाएवढी तार तिथपर्यंत ओढून जोडली. मीटरचा बीप आला तेव्हा श्वास सोडला.

त्यानंतर मित्राची ६० वॅटची, टेंपरेचर कंट्रोलवाली गन आणली. पद्धत अशी जमली: आधी जुन्या टाक्यावर भरपूर पेस्ट, मग आपलं शिशाचं नवीन सोल्डर मुद्दाम चढवायचं म्हणजे दोन्ही मिसळून लवकर वितळतं, मग एक पाय तापवून कपॅसिटर जरासा कलवायचा, मग दुसरा, पुन्हा पहिला, असं डुलवत डुलवत दात काढावा तसा तो वर येतो, भोकं मग सोल्डर ओढणाऱ्या पंपानं आणि विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) मोकळी करायची, जोर कुठेही नाही. उरलेले एकाही पॅडला धक्का न लागता निघाले. श्रावणातली झड, तीनदा लाईट गेली, त्यामुळे दोन संध्याकाळ गेल्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड घासला, पण दमट हवेत तो पुसल्यावर पांढुरका थर धरतो, म्हणून रात्रभर बल्बखाली सुकवला आणि मगच स्लॉटमध्ये बसवला.

टेस्ट: उणे ८९. हेडफोन लावूनही ग्राफ ५० हर्ट्झपर्यंत जवळपास सरळ. कपॅसिटर महागडे लावले म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही, माझ्या मते साधे पण अस्सल आणि ताजे लावले असते तरी एवढाच फरक पडला असता, जे सुकून गेलं होतं ते परत आलं. कार्ड चांगलं चालत असेल तर केवळ नावासाठी काढून नवीन घालू नका, पॅड गमवाल.

पण कॅसेट डेक जोडला की बारीक घूंऽऽ राहिलीच, बरोबर ५० हर्ट्झची. अनवाणी उभं राहून कॉम्प्युटरच्या केबिनेटला हात लावला तर झिणझिण. म्हणजे भिंतीवरच्या थ्री-पिनच्या स्विचबोर्डाला अर्थिंगच नाही! कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून केबिनेटला छोटे कपॅसिटर असतात, अर्थ नसेल तर केबिनेट अधांतरी निम्म्या व्होल्टेजवर राहतं, माझं मीटर ११० दाखवत होतं, तेच डेकच्या वायरीतून भजनात शिरायचं. काही जण घूं घालवायला अर्थची पिनच कापतात, ते कृपा करून करू नका. वायरमनला बोलावून परसात खड्डा काढला, जांभ्यात पहार लागेना म्हणून अर्धा दिवस गेला, पाइप उभा केला, मीठ-कोळसा भरला. जांभ्यात ओल टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्यात कळशीभर पाणी ओतत राहावं लागणार. झिणझिण गेली, घूंही गेली.

परवा तीच पहिली कॅसेट पुन्हा उतरवली. बाबा डोळे मिटून मांडीवर डाव्या हातानं ठेका धरून होते. गजर सुरू झाला तसे मध्येच थांबले, हेडफोनवर हात दाबला आणि म्हणाले, "हंयसर माझो हात चुकलो हा, परत लाय."