पाय दाव

आबा रजेवर आले की काळी ट्रंक ओसरीवर टेकवायचे, आम्हा दोघा भावंडांना पुढ्यात बसवायचे आणि म्हणायचे, "पाय दाव." खाऊ त्यानंतर. नखं वाढलीत का, टाचेला भेग पडलीय का, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात का, सगळं बघायचे. पलटणीत लांबच्या मार्चनंतर जवानांचे पाय तपासायचे, ती सवय. सगळ्यांचेच वडील असं करतात, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

आबा माघात गेले. यंदा मी त्यांच्याच दिंडीतून चालले, गळ्यात त्यांची तुळशीची माळ घालून. आळंदी, पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी. कुठला पाऊस कुठल्या मुक्कामाला लागला हे आता सांगता येणार नाही. वाल्ह्याला मात्र तंबू रात्रभर गळला, सामानाचा ट्रक उशिरा आला आणि मी दिंडीतल्या एका पोरावर नको तेवढी ओरडले. त्यानं काही न बोलता स्वतःचं कोरडं घोंगडं आणून दिलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं. आमचे विणेकरी म्हणाले, "फौजी माउली इथं कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे आन् लई वेळ उभेच राहायचे. हाका मारल्या तरी येत नसत."

आबा १९७१ साली एकवीस वर्षांचे होते. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. बांगलादेशच्या लढाईत ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला होता. १० डिसेंबरच्या रात्री शहरातून बाहेर पडू पाहणारी पाकिस्तानी फौज थेट त्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. हे सगळं मी पुस्तकांतून आणि त्यांच्या पलटणीतल्या दोस्तांकडून ऐकलं. आबांनी त्या रात्रीबद्दल आम्हाला एवढंच सांगितलं होतं: "पाणी लई गार होतं." मी नीरेत उतरले. पाणी गढूळ होतं, मागून रेटारेटी चाललेली, कुणाचा तरी हंडा पाठीला लागला. उभं राहता आलं नाही.

सोहळ्याची शिस्त आबांना फार प्रिय. आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते, म्हणून दिंड्यांचे क्रम, तुतारी, चोपदार हे सगळं फौजेसारखं बसवलंय, असं ते दरवर्षी नव्यानं सांगायचे. शितोळे सरकारांचे अश्व अंकलीहून येतात, आणि अंकली बेळगाव जिल्ह्यातली. बेळगावला आबांची भरती झाली, तिथंच कसम परेड झाली. रिंगणात घोडा धावला की ते त्याला आपल्याच गावचा पाहुणा समजायचे.

तरडगाव ते फलटण एकवीस किलोमीटर. सकाळीच डाव्या टाचेला फोड आला होता. निंभोऱ्याच्या पुढे ऊन असं तापलं की डांबर चपलेला चिकटायला लागलं. पुढे भजन रंगात आलेलं, टाळ कानात घुसत होते, आणि मला त्या टाळांचाच राग यायला लागला. रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली बसले आणि हमसून रडायला लागले. आबांसाठी नव्हे, टाचेसाठी. दिंडी पुढे निघून गेली.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी थांबली. जिंतूरकडची. "कामून रडायलीस माय? पाय दाखीव."

मी पाय आखडून घेतला. म्हटलं, राहू द्या, जाईन मी. तिनं वृंदावन सावलीला ठेवलं, समोर मांडी घातली आणि माझा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. मातीनं भरलेला, घामेजलेला. बाटलीतल्या पाण्यानं धुतला, पदरानं टिपला. मग बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनांच्या जुडग्यातून सुई काढली, काडी ओढून तापवली, पांढरा दोरा ओवला, खोबरेल तेलात बुडवला आणि फोडाच्या एका अंगानं घालून दुसऱ्या अंगानं काढला. दोन्ही टोकं बोटभर ठेवून दोरा दातानं तोडला. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळायला लागलं.

"आपोआप निथळतंय. वाळल्याबिगर दोरा काढू नको."

आणि मग वाकून तिनं त्याच पावलावर डोकं टेकलं. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, मीही शेकडो जणांच्या पडले होते. पण तिच्या कपाळाचं कुंकू माझ्या पावलाला लागलं आणि मला बोलता येईना. वृंदावन डोक्यावर घेऊन ती गर्दीत गेलीसुद्धा. नाव विचारायचं राहिलं.

आई संधिवातानं अंथरुणाला खिळली ती तीन वर्षं आबा वारीला गेले नाहीत. रोज सकाळी तिचे पाय शेकायचे, मग उशाशी बसून वेणी घालायचे. सुरुवातीला पेड वाकडे पडायचे, नंतर आईपेक्षा सुबक घालायला लागले. भावकीतले म्हणाले, सुभेदारांनी नेम मोडला. आबा म्हणाले, "पुंडलिकासाठी देव उभा राहिला, तो मला काय म्हणेल? नेम तोच हाय. ड्यूटी बदललीय." शेवटच्या दिवशीही आईची वेणी घातलेली होती.

फलटणला त्या संध्याकाळी पालखीतळावरच्या समाज आरतीला लंगडत गेले. एका दिंडीचे टाळ थांबत नव्हते, त्यांची काही तक्रार होती. चोपदारांनी ऐकून घेतली, ते टाळही शांत झाले. चोप, म्हणजे चोपदारांची काठी, वर गेला आणि एवढ्या माणसांत पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी हळूच सांगितलं, आबा या वेळी टाचा जुळवून सावधान उभे राहायचे. मला एकाच पायावर भार देऊन उभं राहावं लागलं. हरवलेल्या वस्तू पुकारल्या: एक चष्मा, एक पितळी तांब्या, एक पिशवी.

बरड, नातेपुते, वेळापूर. वाखरीला मी जिंतूरच्या दिंड्या शोधत हिंडले, तुळशी घेतलेली प्रत्येक बाई निरखून बघितली. नाही सापडली. दशमीला पंढरीत शिरलो. दर्शनबारीची रांग पाहून कळसालाच हात जोडले. फोड सुकत आला होता. दोरा अजून टाचेतच होता.