दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र

ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितो. मी वकील, आणि हा माझा अशील : भोसरीतला छोटा वर्कशॉपवाला, जॉबवर्क बंद पडलं, मशीनचं कर्ज आणि सीसी (धंद्यासाठीचं बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) दोन्ही थकलं. धंदा कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या नावावर. त्यामुळे नादारीचं, म्हणजे दिवाळखोरीचं, प्रकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात. दिवाळखोरीचा 2016 चा नवा कायदा व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे, तोही 1 डिसेंबर 2019 पासून. बाकी सगळ्यांना पुण्यात अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, आणि अर्जासाठी किमान कर्जाची अट आजही पाचशे रुपये.

अर्जासोबत मालमत्तेची यादी द्यावी लागते. ती करायला बसलो तेव्हा कळलं, की कायद्याने ज्याला हात लागला नसता ते त्याने आधीच मोडून टाकलं होतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे जे जप्त होत नाही, ते नादारीतही रिसिव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या न्यायालयाच्या माणसाकडे, जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारं, पीपीएफ, आयुर्विम्याचे पैसे. या माणसाकडे पीपीएफ होता, आयुर्विम्याच्या दोन पॉलिसी होत्या. वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून त्याने पॉलिसी सरेंडर केल्या आणि रक्कम सीसी खात्यात भरली. ती व्याजात गेली. पीपीएफमधून जे निघालं ते मेहुण्याला दिलं, कारण घरच्या माणसाचे पैसे आधी द्यावेत. भावना समजते. पण अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देण्यासाठी दिलेले पैसे नादारी कायद्याच्या कलम 54 खाली रद्द ठरू शकतात. आता रिसिव्हर मेहुण्याच्या मागे आहे.

लेथ मशीन वाचेल असं त्याला वाटत होतं, ‘कारागिराचं हत्यार’ म्हणून. लेथ बँकेकडे तारण आहे, आणि तारण घेणाऱ्याचा हक्क नादारीने अडत नाही. व्हर्निअर, मायक्रोमीटर, टॅप-डाय आणि हँड ड्रिल एवढंच मी सूट मागण्याच्या यादीत घातलं. पत्नीच्या स्त्रीधनाची वेगळी यादी केली. लग्नातली याद आणि सोनाराच्या पावत्या तिने जपून ठेवल्या होत्या. त्या कागदांनी दागिन्यांचा प्रश्न सुटल्यात जमा आहे.

फ्लॅटचं मात्र अवघड झालं. फ्लॅट दोघांच्या नावावर. अर्जाच्या सात महिने आधी त्याने आपला हिस्सा पत्नीला बक्षीस दिला. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, त्यामुळे हा सल्ला चहाच्या टपरीवरही मिळतो. दोन वर्षांचं कुणी सांगत नाही. नादारी कायद्याचं कलम 53 : हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतर रिसिव्हर रद्द करून घेऊ शकतो. अपवाद आहे तो प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेणाऱ्याला. बक्षीसपत्रात मोबदलाच नसतो.

म्हणजे त्याचा हिस्सा जाणार, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. अस्वस्थ केलं ते दस्ताच्या दुसऱ्या पानाने. ‘सदर सदनिका लिहून देणार यांची स्वकष्टार्जित मिळकत असून लिहून घेणार यांचे नाव केवळ सोयीसाठी लावलेले आहे.’ टायपिस्टकडचं तयार वाक्य, आधीच्या कुणाच्या तरी दस्तातून उचललेलं. वास्तव असं, की गृहकर्जाचे बहुतेक हप्ते तिच्या पगारातून गेले आहेत. आणि त्या वाक्याखाली दोघांच्या सह्या आहेत. रिसिव्हर आता अर्धा नव्हे, पूर्ण फ्लॅट मागतो आहे. जे दस्त लिहून पैसे घेतात त्यांनी एक वाक्य टाकण्याआधी कर्जाचा उतारा मागवू नये, याचा मला संताप येतो.

दस्त लपवण्याचा प्रश्न नव्हता. नोंदणी झालेला दस्त सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या खुल्या सूचीत, कुणालाही दिसतो, आणि मालमत्ता दडवणं हा या कायद्यात तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तो दस्त मी अर्जाला स्वतःहून जोडला. पत्नीला मात्र वेगळा वकील घ्यायला लावला, कारण इथून पुढे तिचं हित आणि माझ्या अशिलाचं हित एक नाही. तिच्या वकिलांनी पगाराच्या खात्याचे आणि गृहकर्जाचे जुने उतारे मागवले आहेत. दस्तातली कबुली अंतिम पुरावा नसते, ती चुकीची होती हे कागदाने दाखवता येतं.

पण तपासणीत माझ्या अशिलाला विचारलं जाईल : हे वाक्य खरं की खोटं? खोटं म्हणाला, तर नवरा-बायको मिळून धनकोंना बुडवताहेत असं चित्र उभं करायला रिसिव्हरला फट मिळते, आणि मुक्ततेच्या, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटण्याच्या, अर्जाच्या वेळी न्यायालय त्याची वागणूक बघणारच आहे. बिनतारण देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयाला पन्नास पैसेही भरत नसेल, तर परिस्थिती आपल्या हाताबाहेर होती हेही न्यायालयाला त्यानेच पटवून द्यावं लागेल. तरी मी त्याला ते वाक्य खोटं असल्याचं शपथेवर सांगायला सांगणार आहे, कारण ते खोटंच आहे. हप्त्यांचे उतारे हातात आल्याशिवाय त्याला साक्षीला उभं करायचं नाही, एवढं ठरवलं आहे. बँकेकडून निम्म्याच वर्षांचे आले आहेत.