तुम्ही विचारलंत म्हणून: झिजलेली बाजू पुढे

"इतक्या जुन्या वस्तू मांडूनही अडगळ कशी वाटत नाही?" हा प्रश्न मला हमखास येतो. त्याच्या मागोमाग पोटप्रश्नही असतात: कशाशेजारी काय ठेवायचं, रंग कसे जुळवायचे, तीन वस्तू ठेवायच्या की पाच. त्या सगळ्यांच्या आधीची एक गोष्ट सांगते, कारण माझी मांडणी तिच्यावरच उभी आहे. जुनी वस्तू जिथे झिजली आहे, ती बाजू बघणाऱ्याकडे करा.

जुना लाकडी रंधा घ्या. बहुतेक जण तो शेल्फवर वापरतात तसाच, तळ खाली करून ठेवतात. मग दिसतो फक्त एक ठोकळा आणि त्यात खोचलेलं पातं. तोच कुशीवर निजवा, तळ समोर येऊ द्या. वर्षानुवर्षं फळ्यांवरून फिरून तळ झिजतो, तशी पात्यापुढची फट रुंदावते. फट रुंद झाली की रंधा लाकूड नीट सोलत नाही, उचकटतो. म्हणून सुतार पात्याच्या पुढ्यात लाकडाचा छोटा तुकडा बेतून बसवायचे आणि फट पुन्हा बारीक करायचे. असं ठिगळ कितीतरी जुन्या रंध्यांच्या तळाला सापडतं. पुढच्या टोकावर कधी कधी मालकांची नावं ठोकलेली असतात, एकापेक्षा जास्त, म्हणजे हत्यार हातोहात पुढे गेलेलं. अंगठा टेकायचा तिथे लाकूड किंचित खोल आणि काळसर झालेलं असतं. एवढं दिसत असताना त्या कप्प्यात आणखी काही ठेवावंसं मला वाटत नाही. वस्तू जास्त झाल्या की अडगळ होते, असं आपण धरून चालतो. माझ्या मते, वस्तूत बघायचं काय हे बघणाऱ्याला कळलं नाही की अडगळ होते, मग वस्तू दोन का असेनात.

झीज कुठे शोधायची? जिथे हात, पाय किंवा दुसरी वस्तू रोज लागत होती तिथे. खुर्चीच्या हातांची टोकं, पुढच्या आडव्या दांडीचा वरचा भाग, खणाच्या खालच्या कडा, पेटीच्या झाकणाचा जिथे बोट घालतात तो कोपरा. हीच नजर खरेदीच्या वेळीही कामाला येते. मुद्दाम जुनं दिसावं म्हणून घासलेल्या लाकडावर झीज सगळीकडे सारखी पसरलेली असते, जिथे कुणाचा हात कधी पोचणार नाही अशा जागीसुद्धा. आणखी एक खूण मला फार आवडते. लाकूड त्याच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र आटतं. त्यामुळे अखंड लाकडाचं जुनं गोल तबक मोजून पाहिलं तर एका बाजूने जरा अरुंद भरतं. असं तबक भिंतीवर टांगताना मी रेषा उभ्या ठेवते, म्हणजे ते किंचित उभट झालेलं डोळ्यांना जाणवतं.

झीज दिसण्या-न दिसण्याचं निम्मं श्रेय उजेडाचं. समोरून पडणारा प्रकाश सगळं सपाट करतो. दिवा एका बाजूला, वस्तूच्या उंचीच्या आसपास आणला की खळगे, हत्याराचे घाव, कोरीव रेषा सावली धरतात आणि पृष्ठभाग वाचता येतो. पण हाच उजेड वस्तूला खातोही. कापड, कागद आणि जलरंग यांच्यासाठी संग्रहालयं साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, तैलचित्रांसाठी 200 च्या आसपास. ऊन थेट येणाऱ्या खिडकीत हा आकडा हजारोंत जातो. नुकसान साठत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही. उजेड निम्मा केलात तर तेवढंच नुकसान व्हायला दुप्पट वेळ लागतो, हा हिशेब लक्षात ठेवा. मी कापड काही महिने बाहेर ठेवते, मग गुंडाळून अंधारात विसावू देते आणि त्याच्या जागी दुसरं काढते. जुन्या फोटोची चांगली प्रत काढून ती फ्रेममध्ये लावते, मूळ फोटो पाकिटात राहतो.

"कमी मांडा" हा सल्ला तुम्ही सगळीकडे वाचला असेल. मी तो सरसकट देत नाही. लंडनमधलं वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं घर आठवा. 1833 साली ब्रिटिश संसदेने ते जपण्यासाठी खास कायदा केला आणि 1837 मध्ये ते वारल्यानंतर घर होता होईल तो तसंच राखलं गेलं. तिथे भिंती शिल्पांच्या तुकड्यांनी गच्च भरलेल्या आहेत, तरी नजर गुदमरत नाही. छतातून येणारा प्रकाश, मध्येच रंगीत काच, नेमक्या जागी आरसे, आणि एका खोलीत दारांसारखी उघडणारी फळकुटं, ज्यांच्या दोन्ही अंगांना चित्रं आहेत. म्हणजे बघायची वेळ येईपर्यंत काही चित्रं झाकलेलीच राहतात. दाटी करायची तर इतका विचार करून करावी.

आता पॉलिशबद्दल, कारण इथे माझं मत ठाम आहे. पितळ, तांबं, काशाची वस्तू घरात आली की पहिल्याच दिवशी चकचकीत करू नका. घासण्याच्या पॉलिशने दर वेळी धातूचा बारीक थर निघतो, कोरीव कामाच्या कडा बोथट होतात आणि खाचांमध्ये पांढरी भुकटी अडकून बसते. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा. हवं तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून बनणारं, अगदी बारीक कणांचं मेण) अगदी पातळ हात द्या. काशावरचा घट्ट, गडद हिरवा किंवा तपकिरी थर तसाच असू द्या. मात्र फिकट हिरवे, बोटाला भुकटी लागणारे ठिपके दिसले तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ते क्लोराइडमुळे, म्हणजे मिठासारख्या क्षारांमुळे, चाललेलं गंजणं असतं आणि दमट हवेत पसरत जातं. चांदीखाली लोकरीचं कापड किंवा रबर अंथरू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते.

जुने आरसे हा माझा जिव्हाळ्याचा विषय. 1835 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक क्रिया दाखवली. त्याआधीच्या आरशांना मागून कथील आणि पाऱ्याचा मुलामा असे, आणि तो प्रकार पुढेही बराच काळ चालू राहिला. त्या आरशात चेहरा जरा करडा, खोल दिसतो, आणि मुलामा बिघडतो तिथे बारीक चकाकते ठिपके उमटतात. लोक असा आरसा नव्याने मुलामा देऊन घेतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण मग उरते ती फक्त चौकट. तो उभाच ठेवा, मागची बाजू खरवडू नका, त्यात पारा आहे. आणि समोर बल्ब येऊ देऊ नका. अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून ठेवलात तर ठिपके आणि काचेतली लहर, दोन्ही दिसतात.

तीन की पाच? याला मी फार महत्त्व देत नाही. उंची कमीजास्त असावी, एवढं पुरे. पण उंची वाढवायला जुन्या पुस्तकांची चळत लावून तिच्यावर जड पितळ ठेवू नका, चामडी बांधणीवर वळ उठतात. लाकडी ठोकळे वापरा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर घेतात, ते चित्रांना ठीक. वापरातल्या वस्तू मात्र मी कमरेच्या उंचीला ठेवते, कारण त्या वाकून, वरूनच बघायच्या असतात. चिनी मातीच्या ताटल्या टांगायला स्प्रिंगच्या तारा नकोत. त्यांचा ताण कडांवर येतो आणि झिलईचे टवके उडतात.

राहिला शेवटचा, लहान मुलं नेहमी विचारतात तो प्रश्न: हात लावू का? रंध्याला, खुर्चीच्या हाताला, पेटीच्या कोपऱ्याला मी लावू देते, फक्त हात धुतलेले आणि कोरडे हवेत. अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा बसवल्याशिवाय ती वस्तू पुरती कळत नाही असं मला मनापासून वाटतं. चांदी आणि घासलेल्या धातूला उघडा हात नको, घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात. तिथे हातमोजे घाला, आणि वस्तू उचलताना कान किंवा कडी न धरता तळाला हात द्या, कारण जुना सांधा आधी तिथेच निखळतो.