स्वालबार्डला जायचंय? आधी व्हिसावरचा आकडा बघा

स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं. तिथे व्हिसा लागत नाही, हे खरं आहे. 1920 च्या करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे मोकळीक आहे. पण नागपूरहून निघालेल्या माणसाला ऑस्लोत विमान बदलावं लागतं. ऑस्लो शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट), स्वालबार्ड नॉर्वेचंच असूनही शेंगेनबाहेर. म्हणजे जाताना एकदा शेंगेनमध्ये शिरायचं आणि परतताना पुन्हा. व्हिसा दोन प्रवेशांचाच हवा. एवढी गोष्ट समजावता समजावता मुंबईच्या व्हिसा केंद्रात माझा जीव मेटाकुटीला आला.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, देश एकच आहे ना? मग सिंगल टाका." मी नकाशा दाखवला, त्याने पाहिलासुद्धा नाही. "मधल्या रात्रींचं हॉटेल कुठाय?" अहो, स्वालबार्डभोवती बोटीची सफर, त्या रात्री बोटीवरच! केबिनचं पत्र समोर ठेवलं, तर ते हॉटेलचं नाही म्हणून बाजूला सारलं. "दुरुस्त करून आणा, तोवर तिकडे बसा." रात्रभर विदर्भ एक्सप्रेसने येऊन हे ऐकायचं? माझे यजमान म्हणाले, जाऊ दे, सिंगल टाक. मी मुळीच ऐकलं नाही. सिंगलवर परतताना ऑस्लोच्या दारातच अडकलो असतो.

शेवटी वरिष्ठ बाईंना बोलवायला लावलं. कामी आला तो एक कागद: स्वालबार्डच्या गव्हर्नर कार्यालयाच्या संकेतस्थळावरची प्रिंट. दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो असं तिथे स्पष्ट लिहिलंय. बाईंनी ती वाचली आणि अर्ज आहे तसा घेतला. ही प्रिंट फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.

पुढे नुसती वाट बघणं. बोटीचे उरलेले पैसे भरायची तारीख जवळ येत होती आणि मेसेज एकच, 'प्रक्रियेत आहे'. कुरियर आल्यावर मी फोटो, नाव काही पाहिलं नाही, आधी प्रवेशांचा रकाना पाहिला. 02! तेव्हा कुठे घास गोड लागला.

अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, थांबू नका. विमा व्हिसापुरता 30,000 युरोंचा चालतो, पण बोटवाले बचावकार्याचं वेगळं कवच मागतात, ते आधीच विचारा.

आणि बोट छोटीच घ्या. 2025 पासून संरक्षित भागात 200 पेक्षा जास्त प्रवाशांची जहाजं जाऊ शकत नाहीत. जुलैत ध्रुवीय अस्वलापासून 300 मीटर लांब राहावं लागतं. ताडोबात जिप्सीच्या बाजूने वाघ जाताना पाहिलेल्यांनी चांगली दुर्बीण न्यावीच. आल्केफ्येलेटच्या काळ्या कड्यावर हजारो गिलेमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून बसलेले दिसले, त्यांचा कलकलाट रबरी होडीतसुद्धा कान भरून टाकत होता. उतरण्याआधी बुटांच्या खाचांतली माती ब्रशने काढायला लावतात, आपल्याकडचं बी तिकडे जाऊ नये म्हणून. नी-आलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, 2008 पासूनचं. ते पाहून ऊर भरून आला. तिथे मोबाईलचं वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, उपकरणांना अडथळा होतो.

हो, परतताना ऑस्लोला पासपोर्ट तपासणी असते. पुढच्या विमानाला निदान तीन तास हातात ठेवा.